चुन्याखालची भिंत

एसटीनं मला तेरखेड्यात उतरवलं तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. कंडक्टरला दोनदा बजावूनही महाशयांनी गाडी थांबवली ती वाडीचा फाटा ओलांडून पार पुढे. पायात नवी चप्पल आणि समोर तीन किलोमीटर माळ! मी पुण्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली, माळ तुडवायची सवय कुठली? चप्पल चावली. कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी वाडीकडे निघालो.

एवढी पायपीट एका भिंतीसाठी होती. हा फटाक्यांचा मुलूख. निजामाच्या शेवटच्या धामधुमीत गावावर कोणी चालून आलं तर आसपासच्या वस्त्यांना सावध करायला वाडीतले लोक उखळीचा (जत्रेत बार उडवायचं लोखंडी नळकांडं) बार काढत. बाराच्या दारूत कोणत्या झाडाचा कोळसा घातला की आवाज लांब जातो, हे रखमाबाई नावाच्या बाईनं करून पाहिलं आणि दारूखोलीच्या भिंतीवर कोळशानं मांडून ठेवलं. लिहिता येत नव्हतं, म्हणून ती झाडाचं पान काढायची. पानापुढं जितके ठिपके, तितक्या वस्त्यांना आवाज गेला. आता त्या खोलीचं संग्रहालय झालंय, असं एका ओळखीच्यानं कळवलं होतं.

पोचलो तर दारातच भांडण. रखमाबाईंच्या सूनबाई, सत्तरीच्या केसरकाकू, पदर खोचून उभ्या होत्या. समोर त्यांचे दीर दादाराव, हातात चुन्याचा कुंचला घेऊन.

"मी भणीकडं दोन दिस काय गेले, तुमी भिंतच पुसली व्हय भावजी?"

"पुसली न्हाय वयनी, रंगवली. सायब येनार म्हनून. गावात मोठं मानूस येतंय म्हटल्यावर चुना नगं?"

मी आत डोकावलो. भिंत पांढरीशुभ्र! माझ्या तोंडून शिवीच निघाली. काकू वळून म्हणाल्या, "आजून एक द्या. माजी पन त्यातच."

दुपारी तालुक्याचे साहेब खोली बघायला येणार होते. विज्ञान म्हणून ठेवण्यासारखं काही दिसलं तर खोली राहील, नाही तर पाडून तिथे सभागृह होईल. आत उखळी होती, दगडी खल होता, दारूत घालायच्या सोऱ्याची मडकी होती. पण ही सामग्री इथं कुणाच्याही घरी निघेल. भिंत होती एकच.

"आधी जेवा," काकू म्हणाल्या. "उपाशी मानसाला अक्कल सुचत न्हाय." ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं कोरड्यास (पातळ कालवण). असं झणझणीत की चप्पल चावल्याचं विसरलो. काकू मात्र जेवल्या नाहीत. त्यांनी तांब्याभर पाणी आणि नारळाची शेंडी घेतली. "घासून काडते चुना."

"अहो, नको! कोळसाही जाईल त्याच्याबरोबर!" मी घास टाकून धावलो.

तोवर पाणी भिंतीवर बसलं होतं. मी काकूंच्या हातातली शेंडी धरली आणि तसाच थांबलो. जिथं भिंत भिजली होती तिथं चुना काचेसारखा विरळ झाला होता आणि त्याखालून रुईचं रुंद पान वर येत होतं. पुढे दोन ठिपके.

"आगं बया!" काकू मटकन खाली बसल्या. "हाय, हाय! म्हातारी हाय की जागेवर!" आणि घळाघळा रडल्या. दादाराव कुंचला टाकून घागर आणायला पळाले.

साहेब आले तेव्हा भिंत वाळून परत पांढरी झाली होती. "आजी, इथं तर काहीच नाही," ते म्हणाले.

"धा मिनिटं थांबा की सायेब. तुमच्या गाडीला काय पाय फुटत न्हाईत." काकूंनी सपकन पाणी मारलं. रुई आली. एरंड आला. तुरीची तीन पानं आली, पुढे पाच ठिपके.

साहेब बघत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. पण ही दारूकामाची चित्रं झाली. विज्ञान कुठंय यात?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली, मघाशी भिंत भिजवताना दिसलेल्या जमिनीलगतच्या कोपऱ्यात पाणी मारलं. तिथं बाभळीचं पान होतं, निंबाचं होतं, आणि प्रत्येकापुढं ठिपक्याऐवजी फुली.

"हे बघा," मी म्हणालो. "फसलेलंही मांडून ठेवलंय बाईनं. मागून येणाऱ्यानं तीच चूक करू नये म्हणून. विज्ञान म्हणजे आणखी काय असतं हो?"

साहेब उकिडवे बसले. एकेका फुलीवर बोट ठेवत त्यांनी त्या मोजल्या, फोटो काढले आणि उठताना काकूंना म्हणाले, "खोली पाडायची नाही, असं लिहितो."

परतीच्या गाडीत मला माझी प्रयोगशाळा आठवत राहिली. परीक्षा जवळ आली की पोरांच्या प्रयोगवह्यांतली चुकलेली रीडिंग्ज मीच खोडायला लावायचो, बरोबर आकडे मीच फळ्यावर लिहून द्यायचो. तीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या वह्यांत एकही फुली नसेल. लाज वाटली, खरंच वाटली.

घरी पोचल्यावर काकूंना फोन केला. म्हटलं, "आता पुन्हा चुना मारू देऊ नका हं."

"मारनार की," काकू म्हणाल्या. "दर दसऱ्याला मारनार. चुन्याखाली कोळसा झडत न्हाय, म्हातारी सुकात ऱ्हाती."

"आणि बघायला कोणी आलं तर? तुमच्याकडं उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं."

"नसू द्या. एक तांब्या तिच्यासाटी हाय."