भिंतीपलीकडच्या सिंधूबाई

त्या सकाळी भिंत वाजली नाही. आमच्या इमारतीत सगळे म्हातारे एकेकटे राहतात, म्हणून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एक रीत पडली आहे. सकाळचा चहा ठेवला की सिंधूबाई लाटण्याने ओट्यामागच्या भिंतीवर टकटक करायच्या, मी इकडून चमच्याने उत्तर द्यायची. म्हणजे दोघी उठलो, दोघी आहोत. त्या दिवशी माझा चहा उकळून आटला तरी पलीकडे सगळं गप्प... माझ्याकडची त्यांची किल्ली घेऊन मी दार उघडलं. झोपेतच गेल्या होत्या. गॅसचं बटण नीट बंद होतं. ते मी मुद्दाम पाहिलं आणि मुद्दाम इथे लिहिते आहे.

कारण त्यांच्या मुलाने, प्रदीपने, याच बटणावरून त्यांना घराबाहेर काढायचा घाट घातला होता. घर तरी केवढं? शहराबाहेर, वाडीच्या पुढे, ट्रकांच्या रस्त्यापासून जरा आत, एक खोली, ओटा आणि न्हाणी, पेन्शनीत परवडेल असं भाडं. अट एकच, स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. तिकडे शहरात, लकडगंजला मुलाच्या घरी पाहुणे आले की सिंधूबाईंची खाट गॅलरीत जायची. एकदा पाहुणे गेले आणि खाट आत आलीच नाही. त्या भांडल्या नाहीत. इथे खोली घेतली आणि पहिल्याच दिवशी खाट खोलीच्या अगदी मधोमध मांडली. येता-जाता गुडघ्याला लागायची, पण कुणाला सरकवू द्यायच्या नाहीत.

पुढे सून दुकानात बसायला लागली, पोरांना सांभाळायला घरी कुणी उरलं नाही, तेव्हा प्रदीपला आईचा उमाळा आला. त्या काही जाईनात. मग त्याने आमच्या व्यवस्थापकांच्या कानी घातलं की आईला आठवत नाही, गॅस उघडा टाकते, एखाद दिवशी इमारत पेटवून देईल. व्यवस्थापक न सांगता तपासायला आले. सिंधूबाईंनी त्यांना त्याच खाटेवर बसवलं, चहा केला, बटण त्यांच्या डोळ्यांदेखत बंद केलं आणि म्हणाल्या, "पाहून घ्या साहेब. माह्या पोराले माय नाही पाहिजे, फुकटची कामवाली पाहिजे." साहेब पुन्हा आले नाहीत. पण तेव्हापासून सिंधूबाई झोपण्याआधी पुन्हापुन्हा उठून बटण चाचपायच्या. स्वतःच्या हातांवरचा त्यांचा भरवसा पोटच्या पोराने उडवला होता. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तेरवीच्या आधी त्याचा फोन आला. मोठा मंडप टाकला होता म्हणे. "काकू, आईले काय आवडे हो? तिच्या आवडीचं करून राहिलो." मी शांतपणे सांगितलं, वांग्याची भाजी, चांगली तर्रीदार. आता, वांग्याने सिंधूबाईंचे ओठ सुजायचे. अगदी लहानपणापासून. माहेरी, कुहीकडच्या लग्नांत सगळी पंगत वांग्यावर तुटून पडायची आणि त्या वरण-भातावर उठायच्या. पण आई सगळ्यांच्या मागून जेवते, तिच्या ताटात काय नाही हे कोण बघतो...

मंडपात प्रदीप स्वतः वाढत होता. आईच्या आवडीची भाजी, घ्या, आणखी घ्या. फोटोपुढच्या नैवेद्यातही तीच. कुहीहून आलेल्या सिंधूबाईंच्या धाकट्या बहिणीने नैवेद्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, आणि भर पंगतीत विचारलं, "काहून गा प्रदीप, वांग्यानं तिचं तोंड सुजे, हे तुले जलमभर दिसलंच नाही?" पंगतीतले हात थांबले. प्रदीपची नजर मला शोधत आली. मी भाजी पुन्हा मागून घेतली. फार छान झाली होती. मेलेल्या माणसाच्या पानावर असा डाव साधू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

घरी आले, हातपाय धुतले आणि आधी भिंतीपाशी गेले. सगळं सांगायचं होतं. त्या पदराआड हसल्या असत्या, "असं नाही करत वं" म्हणून लटकं रागावल्या असत्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं असतं. चमच्याने टकटक केली...

पलीकडे खाट अजून मधोमधच आहे. मी रोज सकाळी चहा ठेवते, भिंत वाजवते, थांबते. मग गॅसचं बटण बंद करते. आणि खोलीत जाऊन बसले की परत उठते, बटण चाचपून बघते.