कुंडातली ऊब कोणी नेली?

तमाम जनतेस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की आमच्या घराण्यात एकदा चोरी झाली. पाण्याची नव्हे, पाण्यातल्या उष्णतेची. संशयित होते माझे थोरले दीर आणि फिर्यादी खुद्द त्यांच्या मातोश्री, म्हणजे माझ्या सासूबाई. मी तेव्हा नवी सून होते. असा खटला पहिल्या रांगेत बसून बघायचं भाग्य सगळ्याच सुनांना लाभत नाही.

सासूबाई सिल्लोडकडच्या. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत दाराला आतून दुसरी कडी लावली, ती त्यांनी पुढं कधी काढलीच नाही. दाराचीही नाही आणि मनाचीही नाही. दुधात बोट बुडवून बघायच्या, डॉक्टरांची गोळी उजेडात धरायच्या. पण सगळ्यात मोठा संशय पोटच्या पोरावर. भाऊजी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचे ठेके घेत. "ठेकेदार म्हंजी अर्धं काम अन् अख्खं बिल," असं त्या त्यांच्याच ताटात भाकरी वाढताना म्हणायच्या. भाऊजी मान खाली घालून जेवायचे. माणूस सरळ होता, पण आईला ते पटवून द्यायची संधी कधी मिळाली नव्हती.

ती मिळाली. अजिंठ्याचा घाट उतरून गेलं की अभयारण्यात गरम पाण्याचं एक जुनं दगडी कुंड लागतं. सासूबाईंचे गुडघे ऐकायचे ते फक्त तिथल्या पाण्याचं. कुंडाचे दगड निखळले होते आणि वरच्या झऱ्यातून पाणी आणणारी चर फुटली होती. दुरुस्तीचं काम भाऊजींकडे आलं. आमच्या शहरातल्या जुन्या नहरीची, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या नळांची, डागडुजी करणाऱ्या घराण्यातला मिस्त्री त्यांनी मुद्दाम तिकडं नेला. काम उरकत आल्यावर आईला म्हणाले, "एकदा पाण्यात उतरून बघ. मग काय ते बोल."

"बघते की. गुडघं खोटं बोलत नसत्यात."

निघालो जीपने. कुंड असं नेटकं झालं होतं की मी तर टाळीच वाजवली. सासूबाईंनी एकेका पायरीवर काठी आपटून पोकळ आवाज येतो का ते ऐकलं. आला नाही. जराशा हिरमुसल्याच. मग लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं कोपर बुडवलं आणि निकाल दिला, "कोमट."

भाऊजींचा चेहरा पडला. त्यांनीही हात घातला. कोमटच.

"कुठं गेली ऊब?"

"आई, ऊब काय पोत्यात भरून नेतात?"

"तुमा ठेकेदारांना काय अवघड हाय?" त्यांची नजर टेकडीवरच्या सरकारी विश्रामगृहावर गेली. "नळ सायबाच्या न्हाणीत गेलाय! म्हणूनच बंगल्याचा रंग नवा दिसतोय."

नव्या सुनेनं गप्प बसावं असा रिवाज. मी एवढंच म्हणाले की सिमेंट गरमी पिऊन टाकतं, असं कुठंसं ऐकलंय. भाऊजींनी माझ्याकडे जे बघितलं, ते मला अजून आठवतं.

तेवढ्यात तिथला वनरक्षक आला. म्हणाला, "झऱ्यावर पाणी तसंच हाय आजी. सकाळीच बोट पोळलं माझं."

म्हणजे चोरी झरा आणि कुंड यांच्या मधेच कुठंतरी. आमची वरात टेकडी चढू लागली: पुढं वनरक्षक, मागं काठी टेकत फिर्यादी, मग आरोपी आणि शेवटी डबा घेऊन मी. झऱ्यातून वाफ निघत होती. सासूबाईंनी बोटाचं टोक लावलं आणि "स्स!" करून मागं घेतलं.

"मंग? हितं हाय, तिथं नाय!"

आता चरीच्या जागी खापराचे नळ पुरले होते. त्यांच्या कडेकडेनं आम्ही उतरू लागलो. विश्रामगृहाकडं फुटलेला चोरनळ सापडावा म्हणून सासूबाई जमीन उकरत होत्या. निम्म्या वाटेवर दगडी मनोरा होता, माणसाहून उंच, गिलावा ताजा. सासूबाई त्याच्या शेजारून गेल्या. भाऊजी गेले. मीही गेले. आमच्या शहरात नहरीच्या वाटेवर असे मनोरे गल्लोगल्ली उभे. त्यांच्याकडं कोण बघतं?

वनरक्षक मात्र असल्या मनोऱ्यांत वाढलेला नव्हता. "सायेब, एक इचारू? ह्यो बुरूज कशापायी?"

मनोऱ्यामागं मिस्त्री थापी धूत होते. ते खुशीत पुढं आले. "मनोरा है ना! नहर को होनाच. पानी अंदर से ऊपर चढता, हौद में खुल्ली हवा खाता, ठंडा होके नीचे उतरता. कागज पे नहीं था. मैंने अपनी तरफ से बनाया, अम्मा के वास्ते!"

मिस्त्री कौतुकाची वाट बघत उभे होते.

सासूबाई सावकाश भाऊजींकडं वळल्या. "तू बघितला नव्हता व्हय हा?"

"बघितला ना," भाऊजी पुटपुटले. "मीच म्हणालो, अजून थोडा उंच घ्या."

सासूबाईंनी विश्रामगृहाकडं बघितलं, मनोऱ्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की आमच्या लग्नाच्या फोटोतही मी तसा पाहिला नव्हता. कपाळावर हात मारून, मिस्त्री आणि वनरक्षकाच्या देखत, अख्ख्या जंगलाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "देवा रे, चोर नाय माझं पोरगं! निव्वळ येडं हाय, येडं!"