माती महाराजांचा कोबी

नोकरी संपली आणि काकूंच्या नवऱ्याला माती सापडली. बुटाला चिखल लागला तर घर डोक्यावर घेण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस आता चिमूटभर माती कपाळाला लावल्याशिवाय चहाला हात लावेना. घरामागे त्याने कोबी लावला आणि जाहीर करून टाकलं: इथे औषधाचा थेंब पडणार नाही, जीव मारला जाणार नाही, अळ्या प्रार्थनेने परत जातील. गल्ली त्याला माती महाराज म्हणू लागली. त्याला तो मान वाटला.

कोबीला भोक म्हणून नव्हतं, हे मात्र खरं. कसं असेल? महाराज वाफ्याच्या कडेला डोळे मिटून बसायच्या आत काकू कंबर मोडेपर्यंत वाकून एकेक पान उलटं करायच्या, अळ्या डब्यात वेचायच्या आणि शेजारणीच्या कोंबड्यांपुढे ओतायच्या. "देवा, तुझीच लेकरं ही, पण कोबी आम्हालाही लागतो," असं पुटपुटायच्या. महाराजांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! एकदा डबा दिसला, तेव्हा आभाळाकडे बघत ते बाजूने निघून गेले होते.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला महाराज म्हणाले होते, भूमीची सेवा अर्धवट टाकून जायचं नसतं. काकू राहिल्या. लेक दवाखान्यात एकटी पडली, ते त्यांच्या मनाला अजून खात होतं. दुसऱ्या खेपेलाही महाराजांनी तीच रेकॉर्ड लावली. त्यात रविवारी महाराज जायचे त्या प्रार्थनाघरातली मंडळी कोबी बघायला येणार होती.

"अळ्यांना परत पाठवायला तुम्ही आहात की," म्हणत काकूंनी बॅग भरली.

"श्रद्धा पातळ झाली की असंच सुचतं."

"असेल," काकू म्हणाल्या आणि बस पकडली.

मंडळी आली तोवर कोबीची चाळण झाली होती. महाराज डगमगले नाहीत. घरातलंच एक माणूस श्रद्धा सोडून गेलं, त्याची ही शिक्षा, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. अळ्यांचं खापर बायकोच्या डोक्यावर फोडताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही. शेजारणीने ते जसंच्या तसं काकूंना फोनवर कळवलं.

संध्याकाळी महाराजांचा फोन आला. काकूंच्या मांडीवर बाळ झोपलं होतं.

"अगं, मंडळी पुढच्या रविवारी पुन्हा येतायत. तू कधी येतेस?"

लेक कशी आहे, एका शब्दाने विचारलं नाही. काकूंना चांगलं खडसवावंसं वाटलं. मग वाटलं, ह्या माणसावर राग तरी कशाला वाया घालवायचा.

"मुलगी झाली," त्या म्हणाल्या.

"हो का? बरं झालं. पण ते कोबीचं..."

"डबा मोरीमागे ठेवलाय. आणि प्रार्थना करताना जरा वाका. अळ्या पानाच्या खालच्या बाजूला असतात."