शेवंताच्या कॅप्सूल

"थांबा! काय घालताय तिच्या तोंडात?"

मी वॉर्डाच्या दारातूनच ओरडले. गयाबाईंनी लेकीच्या ओठाजवळ नेलेला हात झटकन मागे घेतला. मुठीत पिवळी-लाल कॅप्सूल. हीच बंद करा म्हणून आदल्या दिवशी मी घसा कोरडा करून सांगितलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एकच देऊन राह्यली होती, डॉक्टरीणबाई," गयाबाई म्हणाल्या. "पोरगी पार सुकली हो माही."

खाटेवर शेवंता होती. नुसती कातडी आणि हाडं. उशाशी तिचं तान्हं बाळ.

बुलढाण्याच्या दवाखान्यात मी तेव्हा नवी मेडिकल ऑफिसर होते. महाराष्ट्रही नवाच होता, आणि आमच्या भागात कॅप्सूल तर त्याहून नवी. शेवंता वडनेर भोलजीची सून, पहिल्या बाळंतपणाला माहेरी, धाड गावी, आलेली. बाळंतपणानंतर ताप चढला. गावातल्या डॉक्टरांनी टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल दिल्या, म्हणजे जंतू मारणारं औषध. ताप उतरला. डॉक्टर बरोबरच होते. गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण बाळंतिणीला बघायला आपल्याकडे रिकाम्या हातानं कोण जातं? एरवी डिंक, खारका, घरचं तूप न्यायचं. या वेळी कॅप्सूलनं गुण आला ही बातमी सगळ्या नात्यात पोचली. मग काय! मावशीनं जालन्याहून कॅप्सूल आणल्या, आतेभावानं खामगावहून. शेजारचे रशीदचाचा, ज्यांनी शेवंताला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्यांनीही आणल्या. दुकानदार मागेल त्याला देत होते. शेवंताला जुलाब सुरू झाले, तशी माणसं आणखी काळजीनं येऊ लागली आणि आणखी कॅप्सूल आल्या. सगळ्यांचा जीव होता हो तिच्यावर. त्या जीवापायीच घात झाला.

नेमकं काय झालं ते सांगते. आपल्या आतड्यात असंख्य जंतू राहतात आणि थोडी बुरशीही राहते. निरोगी माणसाच्या पोटातही ती असते, काही त्रास देत नाही, कारण जंतू तिला पसरायला जागाच ठेवत नाहीत. टेट्रासायक्लीन कामाचे जंतू आणि रोगाचे जंतू असा भेद करत नाही. दिसेल त्या जंतूला झोडपतं. बुरशीला मात्र त्याचा धक्काही लागत नाही. निंदायला बसलं आणि कपाशीच उपटून तण तेवढं ठेवलं, तर वावरात काय माजेल? तेच शेवंताच्या पोटात माजलं होतं.

आमच्याकडे आणली तेव्हा तिच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर होता. घोटभर पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी येई. शौचाचा नमुना मी मायक्रोस्कोपखाली धरला, तर सगळीकडे बुरशीच्या गोल पेशी, त्यांना फुटलेले कोंब आणि लांब धागे. मी साहेबांना, आमच्या मोठ्या डॉक्टरांना, बोलावलं.

"बुरशी काय, कोणाच्याही शौचात दिसते," साहेब म्हणाले.

"इतकी दिसते, सर?"

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ मान वर केली नाही.

"कॅप्सूल बंद. सलाइन चालू ठेवा. निस्टॅटिन आहे का?" निस्टॅटिन म्हणजे बुरशीवरचं औषध.

"आपल्या स्टोअरमध्ये नाही, सर. अकोल्यालाही नाही. नागपूरला मिळेल म्हणतात."

"मग बसलात काय? पाठवा कोणाला तरी!"

शेवंताचा नवरा सुखदेव निघाला. मलकापूरपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. जाताना बायकोला म्हणाला, "आलोच मी. तू फक्त डोळे उघडे ठेव."

इकडे मी शेवंताच्या तोंडात तिथल्या बुरशीपुरतं जांभळं औषध लावत होते. बाळाच्याही जिभेवर पांढरं दिसलं, त्यालाही लावलं. आणि गयाबाईंच्या मुठीत कॅप्सूल सापडली त्या दिवशी त्यांच्यासमोर बसून सगळं पुन्हा सांगितलं. जंतू, बुरशी, कपाशी, तण. त्या मान हलवत राहिल्या. "हाव जी. हाव जी." पिशवीतल्या उरलेल्या कॅप्सूलही त्यांनी काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी जुलाब जरा थांबल्यासारखे झाले. शेवंतानं भाताची पेज मागितली. गयाबाई मला बघून हसल्या. मीही वेडी, हसले. संध्याकाळी ताप फणफणला. बाळंतपणानं आधीच रक्त उरलं नव्हतं, त्यात अंगातलं पाणी गेलेलं. नाडी हाताला लागेना. सलाइन चालू होतं, साहेब उभे होते, मी उभी होते. आमच्यासमोर ती गेली.

सुखदेव परत आला तेव्हा मी व्हरांड्यात होते. त्यानं खिशातून बाटली काढून माझ्यापुढे धरली. धावत आल्यानं धाप लागली होती.

"भेटलं, बाई. हे कसं द्याचं तिले? पाण्यासंगं?"

मी नुसतीच बाटली हातात घेतली, वॉर्डाकडे वळले नाही, आणि त्याला समजलं.

काही महिन्यांनी मीच तापानं पडले. शेजारणीनं दार उघडलं तर बाहेर गयाबाई. काखेत नातू, चांगला गुटगुटीत. धाडच्या बाजारात कोणाकडून तरी कळलं म्हणे.

"खाली हातानं कसं याव?" त्यांनी पदराची गाठ सोडून एक पुडी माझ्या उशाशी ठेवली. पिवळ्या-लाल कॅप्सूल.

माझा ताप भर्रकन डोक्यात गेला. "अहो गयाबाई, यांच्यामुळेच तर..."

"तुमच्यावर राग नाही माहा," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर शेवंताच्या तुम्ही बंद केल्या, आन पोरगी गेली. तुमच्या कोणी बंद करू नये म्हून आली मी."

मी उठून बसले. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या पुन्हा मान हलवत राहिल्या. "हाव जी." मग नातवाचं नाक पदरानं पुसून म्हणाल्या, "यालेही सर्दी झाली का अर्धी देतो. लय गुण येते."

त्या दिवशी मी तोंडावर पांघरूण घेऊन रडले. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की औषध चालू होतं तोवर माणूस होतं, बंद केलं आणि गेलं. पुढे नोकरीभर मी कॅप्सूल लिहून देताना ती कधी थांबवायची ते आधी सांगत आले. लोक मान हलवतात. मी त्यांना सांगते, मान नका हलवू, काय समजलं ते मला बोलून दाखवा.