सिस्टरनं घेतलेली लस

आईच्या डायलिसिसला आम्ही आठवड्यातून दोनदा सोलापूरच्या दवाखान्यात जातो. तिथली सिस्टर मैंदर्गीकडची. सुई टोचण्याआधी ती आईला "मावशी, आज काय जेवलात?" असं विचारणारच. सगळ्या नर्सनी फ्लूची लस घेतलीच पाहिजे, असा हुकूम निघाला तेव्हा मात्र ती चिडली. "आमाला इचारायचं तरी हुतं की," म्हणाली आणि लस टाळत राहिली.

परवा आईनं तिला सहज विचारलं, "तुला फ्लू झाला तर मला बाधंल का गं?"

तिनं दुसऱ्या सिस्टरला फ्लूची लस घेऊन यायला सांगितलं. मग आईच्या खाटेशेजारी बसून तिनं दंड पुढे केला. "मावशी, मला सुईची लई भीती वाटती," म्हणत तिनं डोळे मिटले आणि आईचा मोकळा हात घट्ट धरला.