तालमाऱ्याचा पूल

फैजनं दिग्रसच्या बसस्टँडमागे गेम पार्लर टाकलं ते २००६ साल. त्याचा मामा गफ्फार मिस्त्री ज्या जिनिंगमध्ये फिटर होता ती त्या वर्षी दुसऱ्या हंगामालाही बंद राहणार अशी बोलवा होती. कापूस पिकत होता, पण भाव नव्हता. जो थोडा यायचा तो मोठे व्यापारी परस्पर बाहेर पाठवायचे, आणि पुष्कळांनी रानात सोयाबीन घातलं होतं. कामगार पांगले. गफ्फार तेवढा राहिला.

रोज सकाळी तो शेड उघडायचा. आत सरकी काढणाऱ्या जिन मशिनींची रांग आणि तिच्या मागून गेलेला लांब शाफ्ट. बंद शाफ्ट एका जागी पडून राहिला की बेअरिंगवर एकाच बाजूनं भार बसतो, ग्रीस आटतं, गंज धरतो. म्हणून तो हातानं फिरवायचा, कारण वीज कापलेली होती. पहार अडकवायची, पाय रोवायचे आणि खांद्यानं रेटायचं. पहिला पाव फेरा जीव काढतो, पुढं वजन आपणच चालतं. झटका द्यायचा नाही. झटका देणारा माणूस पाठीतून जातो, हे तो नव्या माणसांना सांगत आला होता. आता सांगायला कोणी नव्हतं.

"शेठ काय देते याचं?" त्याची बायको जैनबबी विचारायची.

"हंगाम सुरू झाला की देईन तो."

"मंग शाफ्टबी हंगाम सुरू झाल्यावरच फिरवा ना."

"तवा फिरत नाई तो."

शाफ्ट झाला की उरलेला दिवस रिकामा. फैज म्हणाला, "मामू, माह्याकडं बसत जा. मले सामानाले यवतमाळले जा लागते, आन् मागं पोट्टे माउस खिशात घालून नेतेत."

तसा गफ्फार पार्लरमध्ये बसू लागला. चार कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, भिंतीला पंखा. भारनियमन संपलं की कॉलेजची पोरं यायची, आणि खेळापेक्षा भांडण जास्त चालायचं. भांडण एकच: कोणत्या गेममधलं शहर भारी?

"कोरवेन," नयन म्हणायचा. हा बी.ए.चा विद्यार्थी, रोजचा गिऱ्हाईक. "सारं बर्फ, वर बुरुज, खाली कढत पान्याचे झरे. नाई तं मंग निलोर. समुद्राखाली, पुरं काचेचं."

"काचेले गळती लागली तं?" गफ्फार विचारायचा.

"चाचा, तिथं गळती लागत नाई."

"मंग ते शहर नाई."

त्याला पटलं ते तिसरं, तालमारा. बंदराचं शहर. उतारावर घरं, खाली मच्छीबाजार, मधून ट्राम, धक्क्यावर सतत फिरणारी क्रेन आणि टोकाला एक कारखाना, त्याच्या चिमणीतून धूर. खेळ असा की गाड्या चोरायच्या, गुंडांनी सांगितलेली कामं करायची. ती झाली की पूल उघडतो आणि पलीकडचं अर्धं शहर हाती येतं. गफ्फारनं गाडी चोरली नाही. तो पायी निघाला. नवीन मशीन पाहावं तसं त्यानं ते शहर पाहिलं, एका बाजूनं, काही न सोडता. कोणता जिना कुठं निघतो, कोणत्या गल्लीला दुसरं तोंड नाही, ट्राम कुठं हळू होते. महिनाभरात पोरं खेळता खेळता त्यालाच हाक मारू लागली.

"चाचा, पोलीस मांगं लागले! कुठून निंघू?"

"मच्छीबाजारातून घे. पायऱ्या उतर. गाडी सोड, गाडी कायले पायजे तुले? पायांनं जा!"

आणि त्याचं स्वतःचं चालणं दर वेळी एकाच जागी थांबायचं, कारखान्याच्या फाटकासमोर.

"काय पाहून राह्यले, चाचा?" नयननं एकदा विचारलं.

"पाळी सुटायची वाट."

"आँ?"

"धूर निंघून राह्यला म्हंजे आत माणसं हायेत. सुटतीन तं दिसतीन."

पोरं खुर्चीतून घसरली. "अजी चाचा, ते फाटक रंगवलेलं हाय! आत काहीच नाई!"

"क्रेन कोन चालवते मंग?"

वीज जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

भादव्यात पार्लरच्या फोनवर पंजाबराव बोलला. जिनिंगचा जुना हेडमिस्त्री, दोन वर्षांपूर्वीच राजकोटकडे गेलेला.

"गफ्फार, इथं कारखान्यात फिटर पायजे. तिन्ही पाळ्या चालू हायेत. राहाले खोली देतेत. दसऱ्यापर्यंत तुह्यासाठी जागा धरतो, पुढं माह्या हातात नाई."

"इथला शाफ्ट..."

"शाफ्ट कोनाचा हाय?"

"शेठचा."

"मंग फिरवू दे ना शेठले!"

जैनबबीनं ऐकलं आणि त्याची पेटी खाली काढून पुसून ठेवली. "जा. मी अतियाकडं राहीन पुसदले." अतिया त्यांची मुलगी. दिग्रस सोडून गफ्फार कुठं राहिला नव्हता. आणि आपण गेलो की आठ दिवसांत शाफ्ट गंजून अडकेल, मग ही जिनिंग कधीच चालणार नाही, हेही त्याला दिसत होतं. पेटी दाराशी तशीच राहिली. येता-जाता पायाला लागायची.

"चाचा, तुम्ही पुलाच्या अलीकडंच मरसान," नयन म्हणाला. "ते काम करा, उघडते."

"मारामारीचं काम मी करत नाई."

शेवटी नयननंच दोन दुपारी बसून सगळी कामं उरकली. पूल उघडला. त्यानं गफ्फारला खुर्चीत बसवलं. "जा आता. लय मोठं हाय तिकडं."

गफ्फार पूल ओलांडून गेला. पलीकडं घरं होती, तीच, रंग बदललेली. तीच मासेवाली तीच टोपली घेऊन उभी. दारं तशीच रंगवलेली. तो चालत राहिला. रस्ता समुद्राशी संपला. त्यानं पाण्यात पाय टाकला, आणखी पुढं गेला, तर पडदा काळा झाला आणि तो पुन्हा काठावर उभा.

"परत आणून सोडते," नयन म्हणाला. "शहर तेवढंच हाय. मेमरी पुरत नाई म्हणून तेच घर पुन्यांदा लावतेत."

"म्हंजे तिकडंबी हेच."

"व्हय."

गफ्फार घरी आला तो ठरवूनच. "राजकोटलेबी हेच असन," त्यानं सांगितलं. "तिथला शाफ्टबी लोखंडाचाच."

"फिरत तं असन!" जैनबबी म्हणाली. पण पेटी तिनं उचलून वर ठेवली.

दसऱ्याला चार दिवस असताना शेठचा निरोप आला: शेड झाडून घे, पट्टे चढव, वीज जोडून देतो. रोजे चालू होते. गफ्फारनं पाण्याच्या थेंबाशिवाय चार दिवस काम केलं. दुपारनंतर जोराचं काम धरायचं नाही, जड ते सकाळी उरकायचं, असा त्याचा हिशेब. प्रत्येक पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. प्रत्येक बेअरिंगमधलं जुनं ग्रीस काढून नवं भरलं. शाफ्ट सहज फिरत होता, त्याला फारसं रेटावंही लागत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी शेडच्या दाराला झेंडूचं तोरण लागलं. जिनिंगची रीत अशी: हंगामाच्या मुहूर्ताला शेठ नारळ फोडतो आणि फिटर खटका दाबतो. गफ्फारनं तोरण पाहिलं आणि आधी पार्लरमध्ये जाऊन पंजाबरावला फोन लावला.

"नाई येत मी. आज मुहूर्त हाय इथं."

"पक्कं?"

"पट्टे चढवले मी."

"बरं," पंजाबराव म्हणाला आणि फोन ठेवला.

शेठ जीपनं आला. सोबत दोन अनोळखी माणसं. नारळ फुटला, गफ्फारनं खटका दाबला. पट्टे ताणले, शाफ्टनं वेग धरला आणि दीड वर्षानं शेड थरथरलं. दोन गाठोडी कापूस टाकला; पुढून रुई आली, खाली सरकी पडली. त्या दोघांतला एक जण रांगेनं फिरत प्रत्येक बेअरिंगवर तळहात ठेवत होता. गफ्फार त्याच्या चेहऱ्याकडं पाहत होता. सगळी बेअरिंगं थंड होती, एकही तापलं नव्हतं. त्या माणसानं मान डोलावली.

जरा वेळानं शेठनं हातानं खूण केली: बंद कर.

"एकदम चालू हालत में है," तो माणूस शेठला म्हणाला.

शेठनं गफ्फारच्या हातावर खोबरं ठेवलं. "मशिनी यांनी घेतल्या. उद्यापासून खोलायला लाग. परवा ट्रक येईल."

रोजा होता. गफ्फार खोबरं धरून उभा राहिला.

"शेठ, हा नारळ?"

"दसरा आहे, बाबा. लोखंडाची पूजा नको करायला?"

गफ्फारनं खोबरं रुमालात बांधलं, पार्लर गाठलं आणि पंजाबरावला पुन्हा फोन लावला.

"जागा हाय?"

"सकाळीच देली, गफ्फार. तुह्या फोनानंतर. इथं माणसं दारात उभी राह्यतेत."

मशिनी त्यानंच खोलल्या. घाई केली नाही. प्रत्येकीवर आणि तिच्या पट्ट्यावर रंगानं एकच आकडा घातला, म्हणजे जिथं जातील तिथं जोडणाऱ्याला शोधावं लागणार नाही. शाफ्ट सगळ्यात शेवटी निघाला. त्याला उचलायला सहा हमाल लागले. गफ्फार पुढून सांगत होता, "झटका नको. सारखं उचला."

ट्रक गेल्यावर जमिनीतून मशिनी धरून ठेवणारे बोल्ट तेवढे वर राहिले. शेडचं सोयाबीनचं गोदाम होणार होतं. हमालांच्या पायाला लागू नयेत म्हणून ते कापायचे होते. गफ्फार हॅकसॉ घेऊन बसला. एकेक जमिनीला लागून कापायचा, कानशीनं घासायचा, वरून तळहात फिरवून टोचत नाही ना पाहायचा, मग पुढचा.

शेठ दारात येऊन उभा राहिला. "गोदामाला चौकीदार लागेल. तू राहशील?"

गफ्फारचा हात थांबला नाही. "पाळी दिवसाची का रात्रीची?"

"दोन्ही."

"बरं," गफ्फार म्हणाला आणि पुढच्या बोल्टाकडं सरकला.