सरपंचबाईंचे सासरे

शहाद्यात आमचं कापडाचं दुकान. कळसाडीकडच्या एका गावातली तरुण पोरं-पोरी नाटक बसवत होती आणि त्यांना पडदे हवे होते. मी कापड फुकट दिलं, बदल्यात त्यांच्यावर ओरडण्याचा हक्क घेतला. व्यापारी माणूस, तोट्यात कसा जाईन? अशा रीतीनं मी दिग्दर्शक झालो.

नाटक ग्रामसभेचं होतं. त्यात सरपंचबाई खुर्चीवर बसून पाण्यावरून सगळ्या गावाला झापतात. हे काम मागून घेतलं गावातल्याच एका नव्या सुनेनं. बारावी शिकलेली, आवाज इतका बारीक, की तिनं सांगितलेलं तिचं नाव मला तिसऱ्या खेपेला कळलं.

संवाद मी शुद्ध मराठीत लिहून नेले होते. सगळे ते हात बांधून कवितेसारखे म्हणू लागले. शेवटी म्हटलं, कागद ठेवा बाजूला, घरी भांडता तसं बोला. अहिराणीत भांडण सुरू झालं आणि बांधलेले हात आपोआप सुटले. तिच्यासाठी मात्र वेगळी शिक्षा होती. मी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला बसायचो आणि ऐकू आलं नाही की उठून चहाला निघायचो. आठवडे गेले, चहा बराच झाला. मग एके दिवशी मागून तिची आरोळी आली, "ओ शेठ! सभा चालू शे, कोठे चालनात?" मी एवढ्या आनंदानं कुणाची बोलणी कधी खाल्ली नव्हती.

प्रयोग दुपारी, शाळेच्या पटांगणात. तिचे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, येणार नव्हते. उसाला पाणी द्यायचं होतं. पण शेतातली लाइट गेली, मोटार बंद पडली आणि नाटक रंगात आलं असताना आबा येऊन पहिल्या रांगेत बसले.

त्यांच्या घरात सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही, मोठ्यानं बोलत नाही. सरपंचबाई झटकन उठल्या. पदर कपाळापर्यंत आला, वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी विंगेतून पुढचे शब्द पुटपुटत होतो, पण शब्द तिला पाठ होतेच. ते कुणासमोर म्हणायचे, ही अडचण होती. आता ही आत गेली तर पुन्हा कधी स्टेजवर पाय ठेवणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

आबा उठले. मला वाटलं, सुनेला घरी नेतात. त्यांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि स्टेजकडे पाठ करून बसले.

"चालू द्या. मी काई देखत नही."

पटांगण हसलं. त्या दुपारी जास्त अवघड काम सुनेनं केलं की सासऱ्यानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती बसली. पहिली दोन वाक्यं कापरी गेली, तिसरं ठणठणीत. आणि मग मी कधीच न लिहिलेलं एक वाक्य आलं.

"पाठ फिराईसन बठेल ते आबा कोन शेत? सभामा तोंड इकडे ठेवा!"

मी पडदा पाडायला दोरी धरली. आबा खुर्चीसकट सावकाश वळले. चेहरा गंभीर.

"सरपंचबाई, नळले पानी कव्हय येई?"

तिनं विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ती पुन्हा समोर वळली.

"पहिले हात वर करा, आबा. मंग इचारा."

आबांनी हात वर केला. त्यांच्या मागच्या रांगेतल्या दोघांनीही केला, त्यांना गटारीबद्दल विचारायचं होतं. मग बायकांच्या बाजूनंही हात वर आले. ती एकेकाला उभं करत होती, मध्येच बोलणाऱ्याला गप्प करत होती, आणि मी पडद्याची दोरी हातात धरून नुसता उभा होतो.